सॅक पाठीवर, द्राक्षमळ्यांतून व्हर्दाँच्या दरीकडे

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातली व्हर्दाँ नदीची दरी बघायला येणारे बहुतेक लोक नीसहून गाडी काढतात, कड्यावर दोन-चार ठिकाणी फोटो घेतात आणि संध्याकाळी परत फिरतात. जमत असेल तर तसं करू नका. आधी द्राक्षमळ्यांची गावं, मग सेंत-क्रुआ तलाव आणि शेवटी दरी, असा क्रम आम्ही धरला होता. तोच सगळ्यांना सुचवेन, कारण प्रोव्हान्सची कोरडी, चुनखडीची जमीन चालतानाच कळते.

सुरुवात कोतिन्याकपासून केली. गावाच्या पाठीशी उभा कडा आहे, त्यात जुन्या गुहा, आणि पुढे द्राक्षं नि ऑलिव्ह. सप्टेंबर असल्यामुळे काढणी चालू होती. इथे द्राक्षं पुष्कळदा रात्री तोडतात, फळ थंड असतानाच दाबता यावं म्हणून. प्रोव्हान्सची सुमारे 90 टक्के वाइन रोझे, म्हणजे गुलाबी असते. ग्रनाश, सँसो यांसारख्या काळ्या द्राक्षांचा रस सालींबरोबर जेमतेम काही तास ठेवतात, तेवढ्यात तो फिका गुलाबी होतो.

नावाजलेल्या इस्टेटी बघा, पण गावातली सहकारी वायनरी चुकवू नका. पेट्रोल पंपासारख्या नळ्या लावलेल्या असतात. आमच्या पुढच्या आजोबांनी प्लास्टिकचा कॅन काउंटरवर ठेवला, बाईंनी नळी आत सोडली, काटा फिरला आणि लिटरवर हिशेब झाला. पिशवीत भाजी, हातात वाइन! चव घ्यायला बहुतेक ठिकाणी थोडीच देतात. पुढे उन्हात चालायचं असेल तर घोट तोंडात घोळवून तिथल्या भांड्यात थुंकावा. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पुढे सियाँचा धबधबा, सालेर्न आणि ओप्स. या वाटेवर दुकानं दुपारी बंद असतात, म्हणून पाव, चीज, फळं सकाळीच घ्या. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा: ऑलिव्हच्या तापनाद चटणीत बहुधा खारवलेले मासे असतात. गावच्या कारंज्यांवर बाटल्या भरता येतात, मात्र पाटीवर 'नॉन पोताब्ल' असेल तर ते पाणी पिऊ नका. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे जंगलवाटा बंद करतात. कुठला भाग खुला आहे याचा नकाशा प्रशासन रोज जाहीर करतं, तो पाहिल्याशिवाय निघायचं नाही.

ओप्सहून डोंगर चढून उतरलं की खाली निळा-हिरवा सेंत-क्रुआ दिसतो. तो नैसर्गिक वाटतो, पण व्हर्दाँवर धरण बांधून 1970 च्या दशकात तो भरला. जुनं ले साल गाव पाण्याखाली गेलं आणि काठावर नवं वसवलं. कोयना, उजनी जवळून पाहिलेल्या माणसाला त्या नव्या गावातून फिरताना रस्त्यांचा सरळपणा लगेच जाणवतो. पोहायला उतरण्याआधी ही हकिकत माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

पेट्रोलच्या बोटींना तलावात बंदी आहे, त्यामुळे कमालीची शांतता. पोन द्यु गालेता पुलाजवळ कायाक भाड्याने मिळते आणि पुलाखालून थेट दरीच्या तोंडात शिरता येतं. सकाळी पहिल्या तासालाच पाण्यात उतरा. दुपारनंतर वारा सुटतो, गर्दीही होते. आत भिंती जवळ येत जातात आणि वल्ह्याचा आवाज दोन्हीकडून परत येतो.

पायी दरीत जायचं तर ब्लाँ-मार्तेल वाट. 1905 मध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी या दरीची पहिली पूर्ण शोधमोहीम केली, रुगाँ गावचे शिक्षक इझिदोर ब्लाँ बरोबर होते. ला मालीनपासून पॉइन सुब्लीमपर्यंत सुमारे 15 किलोमीटर अंतर आहे, सहा-सात तास लागतात. याच दिशेने जा, म्हणजे ब्रेश एंबेर खिंडीतल्या 252 पायऱ्यांच्या लोखंडी शिड्या उतरायच्या असतात, चढायच्या नसतात. शेवटी बोगदे लागतात, त्यातला एक सुमारे 670 मीटरचा. सोडून दिलेल्या जलविद्युत योजनेसाठी ते खोदले होते. आत मिट्ट काळोख आणि पायाखाली डबकी, तेव्हा डोक्याला लावायची टॉर्च हवीच, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. रुगाँजवळ वर नजर ठेवा. 1999 पासून तिथे परत सोडलेली गिधाडं घिरट्या घालताना दिसतात.

नदी उथळ दिसली तरी पात्र ओलांडू नका. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने चढते.

जुलै-ऑगस्ट टाळा, जून किंवा सप्टेंबर उत्तम. तंबू कुठेही ठोकता येत नाही, कॅम्पसाइट आधीच ठरवा. वाट जिथे सुरू होते तिथे ती संपत नाही. हंगामात दोन टोकांदरम्यान शटल बस असते, तिची वेळ आणि जागा आदल्या दिवशीच पक्की करा. बिगरहंगामात ला पाल्यु गावात टॅक्सी सांगून ठेवा.