सगळ्यात तजेलदार गवत

"गवतं मेलीत, उपटून नवीन लावून द्या," असा बागेच्या मालकिणीचा निरोप होता. जाऊन बघितलं तर बहुतेक जिवंत होती. मेली नव्हती, मारली जात होती.

मिस्कॅन्थस, पेनिसेटम, निळी फेस्क्यू, लाल पात्यांचं इम्परेटा, सगळी शोभेची गवतं. लावणाऱ्याने निवड विचार करून केली होती. नंतर देखभाल गेली लॉनवाल्याकडे, आणि त्याच्या लेखी गवत एकच. सगळ्यांवर एकाच दिवशी यंत्र फिरवून जमिनीलगत साफ, वर दर पंधरवड्याला युरिया आणि रोज पाणी. मिस्कॅन्थसला नवी वाढ फुटायच्या तोंडावर वीतभर ठेवून कापलं तर काही होत नाही. फेस्क्यू थंड हवेत वाढते, बारमाही हिरवी. ती इतकी खाली कापली की पुन्हा धड उठतच नाही. तिच्यात हातमोजे घालून नुसती बोटं फिरवायची, वाळलेली पाती आपसूक हातात येतात. इथल्या फेस्क्यू मात्र खरंच गेल्या होत्या.

मिस्कॅन्थसची बेटं मधोमध फाकून आडवी पडली होती. युरियाने पाती उंच होतात, कणा नसतो. तुरा आला की भार पेलवत नाही. बेट आधी दोरीने कमरेशी आवळून बांधलं आणि दोरीच्या खाली कापलं, म्हणजे सगळा भारा एकसंध निघतो, पाती बागभर उडत नाहीत. आत मधोमध टक्कल, जिवंत फुटवे फक्त कडेला. जुन्या बेटांचं असंच होतं, दर तीन-चार वर्षांनी ती फोडावी लागतात. कुदळ उसळून परत आली. पहार लावली, शेवटी करवत काढली. मधला मेलेला गड्डा फेकला, कडेचे चार-पाच फुटव्यांचे तुकडे केले आणि पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर लावले. बुडखा मातीत गाडला की कुजतो, हे मदतनिसाला दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

तोवर मॅडम कुंपणाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "हे एक तरी किती छान आलंय बघा."

ते इम्परेटा होतं. एका कोपऱ्यात थोडी लाल पाती, बाकी सगळं हिरवंगार, गुडघ्याच्याही वर. लाल वाण मूळ हिरव्या रूपावर उलटलं होतं, आणि हिरवं रूप जोमदार असल्याने लालला दाबून टाकत होतं. इम्परेटा सिलिंड्रिका जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांमध्ये गणलं जातं. जमिनीखाली त्याची पांढरी, पेरापेरांची खोडं धावतात, टोकं अणकुचीदार, आणि मागे राहिलेल्या छोट्या तुकड्यातूनही नवं रोप उठतं. मी म्हटलं, हिरवं सगळं आजच मातीसकट काढू, लाल तेवढं कुंडीत ठेवू.

"अहो, मेलेलं वाचवायला बोलावलं, आणि जिवंत आहे तेच उपटता?"

मी नुकताच फोडलेला मिस्कॅन्थसचा गड्डा उचलून दाखवला. एक पांढरं खोड त्यात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आलं होतं. त्यांनी हात लावून पाहिलं, टोक बोटाला टोचलं. "बघते," म्हणाल्या.

त्यांना अडाणी म्हणवत नाही. हिरवं म्हणजे निरोगी, हे आमच्याच धंद्याने लोकांच्या डोक्यात भरवलंय. लॉन विकताना मीही तेच बोलतो. पण बाग त्यांची, निर्णय त्यांचा, असं म्हणून मी अवजारं आवरली, ते मला अजून पटलेलं नाही. बागेच्या मालकिणीला न विचारता काही उपटता येत नाही, हे खरं. पण ती खोडं कुंपणाशी थांबणार नाहीत, आणि पलीकडच्यांना कुणी विचारलेलं नाही.

काल त्यांचा निरोप आला. मिस्कॅन्थसला नवे कोंब फुटलेत, खूश आहेत. आणि शेजारच्या दोघांना ते हिरवं गवत फार आवडलंय, तर त्याचेही तसेच तुकडे करून द्याल का? उत्तर अजून दिलेलं नाही. आधी शेजाऱ्यांनाच गाठावं का, हे ठरत नाहीये.