काळी विटबिअर: घशाशी रेंगाळणाऱ्या राखेचा माग

विटबिअर म्हणजे गहू, धने आणि संत्र्याची साल घालून केलेली बेल्जियमची फिकट, ‘पांढरी’ बिअर; तिचीच काळी आवृत्ती मी छंद म्हणून बनवतो आहे. मागच्या नोंदीत जिची कृती दिली होती, त्या काळ्या विटबिअरच्या बाटल्यांमध्ये कार्बोनेशन पूर्ण झाले असून पहिली पद्धतशीर चव घेऊन झाली आहे. सुगंध अपेक्षेपेक्षा सरस उतरला आहे आणि फेस देखणा आहे. परंतु घोट गिळल्यानंतर जिभेच्या मुळाशी राखेसारखी, किंचित औषधी कडवट चव उरते आणि पुढचा घोट घेईपर्यंत ती हलत नाही. विटबिअरसारख्या तहान भागवणाऱ्या बिअरमध्ये असा शेवट मला मान्य नाही. तो कुठून येतो याचा शोध घेताना एक भक्कम धागा हाती लागला, म्हणून बाकीची कामे बाजूला ठेवून ही नोंद लिहीत आहे.

कृतीची उजळणी थोडक्यात करतो. २० लिटरसाठी पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली) ५० टक्के, माल्ट न केलेला गहू ४१ टक्के, ओट्सचे पोहे ५ टक्के आणि साल काढलेले काळे माल्ट, म्हणजे काराफा स्पेशल २, ४ टक्के असे धान्य होते. मॅशमध्ये, म्हणजे भरडलेले धान्य गरम पाण्यात भिजवताना, आधी ४५ अंशांवर फेरुलिक विश्रांती दिली (तिचे कारण पुढे येईल) आणि मग ६७ अंशांवर साखर उतरवली. ओजी (किण्वनापूर्वीची घनता) १.०५१, एफजी (किण्वनानंतरची घनता) १.०१०, कडवटपणा हिशोबाने १५ आयबीयू आणि रंग सुमारे ३८ ईबीसी. नेहमीच्या विटबिअरचा रंग ४ ते ८ ईबीसी असतो हे लक्षात घेतले, तर आपण त्या शैलीपासून किती दूर आलो आहोत ते कळते. यीस्ट व्हाइट लॅब्स कंपनीचे ४०० क्रमांकाचे, म्हणजे खास विटबिअरचे. धने आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत पडली.

आधी जमलेल्या गोष्टी सांगतो, कारण त्या खरोखर जमल्या आहेत. ग्लासात ओतताना फेस फिकट कॉफीच्या रंगाचा, बारीक बुडबुड्यांचा आणि दाट आला, आणि बिअर निम्मी संपेपर्यंत त्याची कडा काचेला धरून राहिली. गहू आणि ओट्स यांच्या प्रथिनांचे हे काम आहे. बाटली थंडगार असताना नाकाला केवळ भाजलेल्या धान्याचा वास येत होता. पण बिअर ८ ते १० अंशांपर्यंत आल्यावर धन्याचा लिंबाकडे झुकणारा गोड सुगंध वर आला आणि त्याच्या पाठोपाठ संत्र्याच्या तेलाचा. भाजलेला वास आणि धने एकमेकांना खाऊन टाकतील ही भीती त्या क्षणी संपली. अर्थात बेल्जियमच्या हूगार्डन ब्रुअरीची ‘वर्बोडन व्रुख्ट’ ही गडद, साडेआठ टक्क्यांची बिअर धने वापरूनच बनते, त्यामुळे या जोडीला आधार आहेच. गव्हाच्या गडद बिअरलाही बेल्जियममध्ये पूर्वज आहे: लूव्हन शहरात पांढऱ्या बिअरच्या जोडीने ‘पेटरमन’ नावाची गडद, दाट गव्हाची बिअर बनत असे. पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये हूगार्डन गावात पुन्हा उभी केली ती पांढरी बाजू. गडद बाजूला तसा वाली मिळाला नाही. मला या प्रयोगाचे अगत्य वाटते त्यामागे हेही एक कारण आहे.

आता राखेकडे वळतो. पहिला संशय साहजिकच काळ्या माल्टवर गेला. परंतु ४ टक्के हे प्रमाण मोठे नाही, आणि साल काढलेले असल्यामुळे तुरटपणाचा मोठा वाटा आधीच कमी झालेला असतो. हेच माल्ट याहून अधिक प्रमाणात घालून केलेल्या माझ्या पोर्टर या गडद बिअरमध्ये कोकोसारखी गुळगुळीत चव आहे, राखेचा लवलेश नाही. म्हणजे माल्ट एकटे दोषी नाही. या बिअरमधले दुसरे काहीतरी त्याला चिथावते आहे. पोर्टरमध्ये नसलेल्या आणि येथे असलेल्या गोष्टींपैकी संशय घ्यावा अशा तीनच निघतात: संत्र्याची साल, विट यीस्टचे लवंगी फिनॉल आणि विट यीस्टचा आंबटपणा.

सालीची तपासणी सोपी होती. कडू संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात नारिंजिनसारखी कडवट द्रव्ये असतात आणि ती पाण्यात उतरतात. म्हणून उरलेली साल त्याच प्रमाणात साध्या पाण्यात पाच मिनिटे उकळून, गाळून, थंड करून चाखली. कडवटपणा होता, पण तो जिभेच्या कडांवर आणि स्वच्छ होता. घशातली औषधी छटा त्यात नव्हती. साल पूर्ण निर्दोष ठरत नाही, मात्र मुख्य आरोपी ती नव्हे.

फिनॉलचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. विट यीस्ट वॉर्टमधल्या, म्हणजे धान्यातून उतरवलेल्या गोड पाण्यातल्या, फेरुलिक आम्लापासून ४-व्हिनाइल ग्वायाकॉल तयार करते, आणि लवंगेसारखा वास त्याचाच असतो. ४५ अंशांवरची विश्रांती आपण देतो ती हे आम्ल धान्यातून मोकळे व्हावे म्हणूनच. पण धान्य किंवा कॉफी कडक भाजली जाते तेव्हाही उष्णतेने फेरुलिक आम्ल मोडते आणि त्यातून तेच ४-व्हिनाइल ग्वायाकॉल व धुराच्या वासाचे ग्वायाकॉल तयार होते. म्हणजे माझ्या बिअरमध्ये एकाच कुळातली द्रव्ये दोन दिशांनी येत आहेत: काही भट्टीतून, काही यीस्टकडून. फिकट विटबिअरमध्ये जी लवंग मोहक वाटते, तीच येथे धुराच्या शेजारी बसल्यावर दवाखान्याच्या वासाकडे झुकते, असे माझे मत बनले आहे. त्यामुळे पुढच्या बॅचमध्ये फेरुलिक विश्रांती पूर्णपणे वगळणार आहे. हे यीस्ट तिच्याविनाही पुरेशी लवंग देते.

तरीही मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो तिसरा मुद्दा. हे यीस्ट बिअरला आंबट टोक देते, आणि विटबिअरचा ताजेपणा त्यावरच उभा असतो. गडद माल्टही स्वतःची आम्लता घेऊन येते. गॅस काढून मोजल्यावर या बिअरचा पीएच ४.१ निघाला. स्टाउट बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते की पीएच खाली गेला की भाजलेली चव बोचरी होते, आणि म्हणूनच ते गडद बिअरचा पीएच थोडा वर राखण्याचा आग्रह धरतात. हा नियम येथे लागू होतो का, हे ग्लासातच तपासता येण्याजोगे होते.

त्यासाठी १०० मिलीलिटर पाण्यात १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घेतला. २५० मिलीलिटर बिअरच्या एका ग्लासात या द्रावणाचे ५ मिलीलिटर घातले, तेव्हा पीएच ४.४ च्या आसपास आला. परंतु सोड्यातून सोडियमही जाते, आणि सोडियम स्वतःच चव गोल करते. म्हणून दुसऱ्या ग्लासात तेवढेच सोडियम देणारे मिठाचे पाणी घातले, साधारण साडेतीन मिलीलिटर, तेही एक टक्क्याचे. तिसऱ्या ग्लासात केवळ ५ मिलीलिटर साधे पाणी, आणि चौथा ग्लास जसाच्या तसा. ग्लास भरण्याचे व त्यांवर खुणा करण्याचे काम दुसऱ्या व्यक्तीकडे दिले होते, त्यामुळे चाखताना कोणता ग्लास कोणता हे मला माहीत नव्हते.

फरक एवढा स्पष्ट होता की ओळखायला दुसरा घोट लागला नाही. सोड्याच्या ग्लासातली राख जवळजवळ नाहीशी झाली होती, तिच्या जागी भाजलेल्या पावाच्या कवचाची चव आली होती आणि धने शेवटपर्यंत टिकत होते. मिठाच्या ग्लासात बिअर थोडी भरीव लागली, पण राख जागच्या जागी होती. पाण्याचा ग्लास आणि मूळ ग्लास मला वेगळे ओळखता आले नाहीत. या छंदात इतके निर्विवाद उत्तर क्वचित मिळते, आणि त्या संध्याकाळचा आनंद मी मनापासून साजरा केला. पुढे सोडा वाढवत पीएच ४.६ च्याही वर नेऊन पाहिला, तेव्हा मात्र बिअर सपाट झाली आणि धने साबणासारखे लागू लागले. ४.३ ते ४.४ या अरुंद पट्ट्यातच ही बिअर राहायला हवी, हे त्यावरून ठरले.

येथे साधनांविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पीएचच्या कागदी पट्ट्या गडद बिअरसाठी घेऊ नका. बिअरचाच रंग कागदावर चढतो आणि मग छटा जुळवणे हा केवळ अंदाज उरतो. शिवाय आपल्याला हवा असलेला फरक ०.२ चा आहे आणि पट्टीला तो दिसत नाही. साधा पण दोन द्रावणांवर जुळवता येणारा मीटर, आणि त्याचा इलेक्ट्रोड साठवणीच्या द्रावणात ओला ठेवण्याची शिस्त, एवढे असले की काम होते. धन्यांबाबतही माझे मत ठाम झाले आहे: दळून पाकिटात भरलेले धने कितीही सुबक वेष्टनात आले तरी घ्यायचे नाहीत. एका पुरवठादाराकडून आलेल्या तशा पाकिटाला सेलरीसारखा पालेभाजीचा वास होता, आणि ते मी वापरलेच नाही. अख्खे धने घ्यावेत, शक्य तर बारीक दाण्यांचे, कारण मोठ्या दाण्यांच्या वाणापेक्षा त्यांत तेल अधिक असते, आणि ते वापरण्याच्या वेळीच भरडावेत.

ही नोंद लिहायला घेतली तेव्हा पुढची योजना सरळ होती: काळे माल्ट २ टक्क्यांवर आणायचे आणि मॅशच्या पाण्यात थोडा सोडा घालायचा. परंतु मध्येच एक वेगळी कल्पना सुचली आणि तिची लहान चाचणीही करून पाहिली. भरडलेले काळे माल्ट पाचपट थंड पाण्यात रात्रभर भिजवले, अर्क गाळून दहा मिनिटे उकळला आणि त्याच यीस्टने केलेल्या जुन्या फिकट विटबिअरमध्ये रंग जुळेपर्यंत मिसळला. थंड पाण्यात रंग बऱ्यापैकी उतरतो, तर बोचरी द्रव्ये तुलनेने कमी उतरतात. म्हणूनच माल्ट थोडे जास्त लागते. सोडा न घालताही त्या ग्लासातली राख निम्म्याने कमी वाटली. माल्ट कमी केले असते तर बिअर धड पांढरी ना धड काळी अशी तांबूस झाली असती, आणि मला ती काळीच हवी आहे. त्यामुळे २ टक्क्यांची योजना रद्द केली आहे.

याच ग्लासांवर डोळ्यांचीही परीक्षा घेतली. २००१ मध्ये बोर्दो येथील संशोधकांनी पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग देऊन ती ५४ चाखणाऱ्यांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले होते. काळ्या विटबिअरच्या बाबतीत हा धोका उघड आहे, म्हणून डोळे बांधून फिकट बिअर, अर्क मिसळलेली बिअर आणि मूळ काळी बिअर चाखली. आधीच्या टिपणांत मी दोन वेळा ‘चॉकलेट’ लिहिले होते. डोळे बांधल्यावर ते कोठेच सापडले नाही. धने मात्र लवकर आणि अधिक ठळक जाणवले. राख तेव्हाही मूळ काळ्या बिअरमध्ये तितकीच होती, म्हणजे ती रंगामुळे भासणारी नाही, खरोखर बिअरमध्येच आहे. यापुढे या बिअरची प्रत्येक चव प्रथम डोळे बांधून घेणार आहे.

गढूळपणाविषयी अजून निर्णय झालेला नाही. फिकट विटबिअरमध्ये धुके प्रकाश पकडते आणि सुंदर दिसते. ३८ ईबीसीवर तेच धुके चिखलासारखे दिसते. बाटली न हलवता, तळाचे यीस्ट मागे ठेवून ओतली की रूप सुधारते आणि चवही स्वच्छ होते, म्हणून सध्या तसेच ओततो. जिलेटिन घालून ती लखलखीत करायला मन तयार होत नाही, कारण मग गव्हाचा भरीवपणाही जाईल.

आता नवी आखणी अशी आहे. संपूर्ण बॅच फिकट विटबिअर म्हणूनच बनवायची, फेरुलिक विश्रांतीविना, आणि साल फक्त बाहेरच्या रंगीत पापुद्र्याची घ्यायची. किण्वन ओसरू लागले की वॉर्ट दोन फर्मेंटरमध्ये विभागायचे आणि एका भागात उकळलेला थंड अर्क घालायचा. तो बाटल्या भरताना घालायचा नाही, कारण अर्कातली थोडीफार साखर यीस्टने आधीच संपवायला हवी. नाहीतर बाटलीतला दाब हिशोबाबाहेर जाईल. असे केल्याने एकाच वॉर्टच्या पांढऱ्या आणि काळ्या जुळ्या बिअर मिळतील आणि डोळे बांधून केलेली तुलना प्रथमच खरी तुलना ठरेल. पीएच ४.३ च्या खाली राहिला, तरच काळ्या भागात सोडा घालायचा.

हे लिहितानाच आणखी एक विचार आला आहे: अर्कासाठी बार्लीच्या काळ्या माल्टऐवजी भाजलेला गहू, म्हणजे ब्रीस कंपनीचा मिडनाइट व्हीट, का घेऊ नये? गव्हाला मुळातच साल नसते, आणि काळी विटबिअर गव्हानेच काळी व्हावी हे शैलीलाही शोभते. मागवणीत तो जोडला आहे. ज्यांनी तो विट यीस्टसोबत वापरला असेल, त्यांनी गॅस काढून मोजलेला अंतिम पीएच आणि थंड अर्कासाठी घेतलेले प्रमाण जरूर कळवावे. अर्काचे माप त्यावरच ठरवीन.