सह्याद्रीचा हिरवा रंग बाजूला ठेवून

पावसाळ्यानंतरच्या सह्याद्रीची छायाचित्रे पाहताना मला जाणवते की हिरवा रंग इतका प्रबळ असतो, त्याखालचा कातळ दिसेनासाच होतो. लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर, त्यांच्या आडव्या पट्ट्या आणि कड्यांच्या उभ्या भेगा यांतच मला या डोंगरांचे खरे रूप दिसते, आणि ते पकडण्यासाठी मी कृष्णधवल आणि इन्फ्रारेड (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारे छायाचित्रण) या दोन्ही वाटांनी प्रयोग करत आले आहे.

कृष्णधवल म्हणजे नुसता रंग काढून टाकणे नव्हे. सप्टेंबरात कास पठारावर गुलाबी तेरडा आणि हिरवे गवत डोळ्यांना सहज वेगळे दिसतात; पण सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, शून्यावर नेले की दोन्ही जवळजवळ एकाच राखाडी छटेत मिसळून जातात. म्हणून रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलवर) प्रत्येक रंगाची उजळता स्वतंत्रपणे ठरवावी लागते: हिरवा खाली आणून मॅजेंटा (जांभळट गुलाबी) वर नेला की फुलांचे ताटवे गवतातून पुन्हा उठून दिसतात, आणि तांबडा वाढवला की जांभा दगड उजळतो. फिल्मच्या काळात हे काम भिंगापुढचा फिल्टर करी. अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स यांनी १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटीचा हाफ डोम हा कडा टिपताना गडद तांबडा फिल्टर लावून निळे आकाश जवळपास काळे केले होते. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमाभिमुख कोकणकड्यावर असे काही साधायचे, तर दुपारनंतरचे ऊन आणि ऑक्टोबरातले निरभ्र आकाश हवे, कारण ढगाळ, पांढुरक्या आभाळावर हा फिल्टर निष्प्रभ ठरतो.

इन्फ्रारेडची गोष्ट याहून विलक्षण आहे. पानांच्या आतील पेशींची रचना हा अदृश्य प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, त्यामुळे झाडी बर्फासारखी पांढरी दिसते, तर पाणी तो शोषून घेत असल्याने तलाव काळाभोर होतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी अशी निसर्गचित्रे १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती. ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्याहून जास्त तरंगलांबीचा प्रकाशच आत सोडणारा फिल्टर साध्या डिजिटल कॅमेऱ्यालाही लावता येतो. मात्र सेन्सरपुढची काच इन्फ्रारेड अडवत असल्याने भर उन्हातही एक्सपोजर कित्येक सेकंदांचे होते, ट्रायपॉड अनिवार्य ठरतो आणि वारा असेल तर पाने पुसट येतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कशाला पांढरे मानायचे ते, मी उन्हातल्या गवतावर ठरवते. त्यानंतर संगणकावर चित्राचे तांबडे आणि निळे चॅनेल (रंगांचे स्वतंत्र थर) अदलाबदल केले की तपकिरी आकाश निळे होते, आणि झाडी पांढरी किंवा फिकट सोनेरी उरते. या कृत्रिम रंगांचे मला वावडे नाही, पण ते कातळ आणि झाडी यांना एकमेकांपासून वेगळे करत असतील तरच मी ते ठेवते. संपूर्ण दरी गुलाबी करणाऱ्या तयार प्रीसेटमध्ये (एका क्लिकवर लागू होणाऱ्या रंगबदलांच्या संचात) हा भेदच नाहीसा होतो.

इन्फ्रारेड धुके भेदतो हा समज मात्र सह्याद्रीत फारसा खरा ठरत नाही. हवेतील अतिसूक्ष्म कणांमुळे येणारा निळसर धूसरपणा तो बराच कमी करतो, पण पावसाळी धुक्याचे थेंब त्याच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असल्याने तोही विखुरला जातो. त्यामुळे जुलैमध्ये मी हा फिल्टर काढून ठेवते आणि साध्या कृष्णधवलात, कॉन्ट्रास्ट फार न वाढवता, एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा टिपते.