गोदे, गोदू, गोदावरी

मंगळवार, रात्रीचे पावणेतीन

दूध पिऊन बाळ झोपलं. माझी झोप मात्र उडाली आहे. रविवारी बारसं आणि नाव अजून ठरत नाही. जन्मदाखल्यावर नाव घालायला वर्षभर मुदत असते, पण आत्याला तर रविवारीच कानात ‘कुर्रर्र’ करून सांगायचंय.

पत्रिका हातात आली आणि विषय सुरू झाला. शततारका नक्षत्र, पहिलं चरण, अक्षर ‘गो’. अक्षराचा हट्ट आमच्याकडे कुणाचाच नाही. पण ‘गो’ ऐकलं आणि माझ्या तोंडून ‘गोदावरी’ निघून गेलं. तेव्हापासून दुसरं कुठलंच नाव मला तिचं वाटत नाही.

सासूबाई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “अगं, हे माझ्या आजेसासूबाईंच्या वेळचं नाव. एवढ्याशा जिवाला पेलायचं कसं?” ताईंनी, म्हणजे नणंदबाईंनी, ‘गोजिरी’ सुचवलं. पाळण्यात डोकावलं तर ते इतकं चपखल बसतं की नाही म्हणवत नाही. मऊ गाल, मिटलेल्या मुठी. पण मी पन्नाशीची गोजिरी डोळ्यांपुढे आणून बघितली. कोर्टात उभी आहे, किंवा ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या घरच्यांना समजावून सांगते आहे. आणि तिचं नाव घेणारा प्रत्येक जण नकळत तिचा गालगुच्चा घेतो आहे. नको वाटलं.

गोदावरीचं नेमकं उलटं. पन्नाशीत शोभेल, सत्तरीत तर फारच. अडचण आहे ती पाचव्या-सहाव्या वर्षाची. अन्वी, स्वरा, आर्या अशी हजेरी चालू असताना मध्येच ‘गोदावरी’. मुलं ‘गोदाम’ म्हणून चिडवतील, ते मला आत्ताच ऐकू येतंय. शिवाय एक काळजी खास नाशिककरांची. आमच्या पेपरात गोदावरी सतत असते. पावसाळ्यात पूर आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते, आणि एरवी सांडपाणी, पाणवेली, फेस. नुकतीच अक्षरं जुळवायला शिकलेली माझी मुलगी एखाद्या सकाळी ‘गोदावरी प्रदूषित’ असं मोठ्यानं वाचेल, तेव्हा मी काय सांगणार? त्र्यंबकला नेईन, ब्रह्मगिरीवर चढवीन, नदी उगमाशी कशी दिसते ते दाखवीन. पण तो मथळा तिनं वाचलेला असेलच. याला माझ्याकडे उत्तर नाही.

मी स्वतः पूजा. वर्गात आम्ही चौघी पूजा होतो, बाई आडनावानं हाक मारायच्या. कुणी कधी चिडवलं नाही, नावाचा काही म्हणजे काही त्रास झाला नाही. पण आजही रस्त्यात कुणी ‘पूजा’ म्हटलं तर मी लगेच वळून बघत नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलावत असतील असंच आधी वाटतं. माझ्या मुलीनं पहिल्या हाकेला वळावं, एवढं मला फार मनापासून वाटतं.

आणि आजी. माझ्या आईची आई, सायखेड्याची, अगदी नदीकाठची. माहेरची गोदावरी. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि सासूबाईंचंही नाव गोदावरीच निघालं. सासूच्या नावानं सुनेला हाक कशी मारायची? ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं ‘सुमन’ लिहिलं. पुढची साठ-पासष्ट वर्षं ती सुमन होती, रेशनकार्डावर, पासबुकावर, आमच्या तोंडीही. एकटा तिचा पाठचा भाऊ, दीडच वर्षानं लहान, ‘ताई’ कधी म्हणालाच नाही. फोनवर “गोदे, जेवलीस का?” असं त्यानं विचारलं की ऐंशीच्या आजीचा आवाज परकरी पोरीसारखा व्हायचा. तिच्यातली गोदावरी सोळा वर्षांचीच राहिली.

आजच्या जागरणात एक गोष्ट मनात पक्की झाली. लहानपणी आणि मोठेपणीही शोभेल असं एकच नाव शोधायची वेळ आपल्याकडच्या मुलींच्या आयांवर पूर्वी येतच नव्हती. एक नाव माहेरापुरतं, दुसरं सासरी तयार. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. माप ओलांडलं की यमुना संपली. माझ्या मुलीला एकच नाव मिळणार आहे आणि तिला ते शेवटपर्यंत पुरवायचं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. म्हणजे तिच्या नावाला लागून माझं. ‘गोदावरी पूजा’. मी ते वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे तीनदा लिहून बघितलं.

संध्याकाळी ह्यांनी एक आठवण काढली. हे सोलापूरचे. म्हणाले, “कुंभारीला विडी कामगार बायकांची वसाहत आहे, १०,००० घरांची. तिचं नाव माहितीय? गोदूताई परुळेकर.” गोदावरी परुळेकर, १९०७ साली पुण्यात गोखल्यांच्या घरी जन्मलेल्या. १९४५ मध्ये तलासरीच्या भागात वारल्यांबरोबर वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या, त्या. लग्नानंतर आडनाव बदललं, गोदावरी तीच राहिली. मला मात्र ‘गोदू’ची गंमत वाटत राहिली. गोदू हे अंगणात खेळणाऱ्या पोरीचं नाव. ते टाकून द्यावं लागलं नाही, त्याला नुसतं ‘ताई’ जोडलं गेलं आणि ते हजारो घरांच्या वसाहतीला पुरलं. सासूबाईही हे ऐकत होत्या. रात्री बाळाला तेल लावताना हळूच ‘गोदू’ म्हणून बघितलं त्यांनी. मी स्वयंपाकघरातून ऐकलं, काही बोलले नाही. बाळ बोलायला लागेल तेव्हा आधी ‘दोदू’च म्हणेल बहुतेक.

नऊच्या सुमारास मामाआजोबांना फोन केला. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. दोनदा सांगावं लागलं की मुलीचं नाव गोदावरी ठेवायचं मनात आहे, तुम्हाला चालेल ना? बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाले, “ठेव. पण ‘गोदे’ फक्त मी म्हणणार. तुम्ही तुमचं दुसरं बघा.”

ताईंना सकाळी कळवते.