हृदय एकच, पण आकडे तीन

ऑगस्टमधली गोष्ट आहे. आम्ही बनवलेलं ट्रायथलॉनच्या ट्रेनिंगचं ॲप कोल्हापुरातले एक कोच वापरत होते, त्यांच्याकडच्या बाकीच्या कोचना ते शिकवायला म्हणून मी पुण्याहून गेलो होतो. पाऊस धो धो. हॉलमध्ये चार सायकली ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर लावलेल्या, आणि एका कोपऱ्यात एक ताई नुसत्याच टॉवेल घेऊन बसलेल्या. बँकेत नोकरी, घर, लहान मुलगी, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याची 70.3 ही ट्रायथलॉन करायची होती त्यांना, म्हणजे 1.9 किमी पोहणं, 90 किमी सायकल आणि वर 21.1 किमी रन.

सरांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. "ह्ये बघ. तुझा ग्राफ म्हणतोय पोरगी फ्रेश हाय. आणि तिच्या तोंडाकडं बघ जरा."

खरंच होतं. सकाळी उठल्यावरचा पल्स 8-9 ने वाढलेला, झोप नीट नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात म्हणाल्या. ग्राफवर मात्र आठवड्याचा लोड, म्हणजे व्यायामाचा एकूण ताण, अगदी आरामात. मला आधी वाटलं छातीवरचा पल्स मोजायचा बेल्ट चुकीचा वाचत असेल म्हणून बेल्ट बदलून बघितला, मग घड्याळाशी ताडून बघितलं, सगळं बरोबर. शेवटी एकेक राईड उघडत बसलो. आदल्या रविवारची 3 तासांची राईड, सरांनी झोन 2, म्हणजे सोप्या मेहनतीचा पल्सचा टप्पा, सांगितलेला, ताईंनी सरासरी 150 च्या पल्सवर केलेली आणि ॲपनं त्याला हिरवा रंग दिलेला. 150 ला झोन 2? झोन ज्यावरनं निघतात तो थ्रेशोल्ड, म्हणजे जीव तोडून साधारण तासभर टिकवता येतो तो पल्स, बघितला तर 174.

सरांनी काही न बोलता कपाटातनं वही काढली. निळ्या पेनानं आखलेले तीन रकाने, पोहणे, सायकल, रन. जूनच्या टेस्टचे आकडे, म्हणजे 30 मिनिटं जीव तोडून आणि त्यातल्या शेवटच्या 20 मिनिटांच्या पल्सची सरासरी. रन 174. सायकल 163.

पोटात गोळा आला माझ्या. कारण ॲपमधलं हे आकडे साठवायचं टेबल मीच लिहिलं होतं. सायकलची पॉवर वेगळी ठेवली, रनचा पेस वेगळा ठेवला, पण हार्ट रेटचा थ्रेशोल्ड प्रोफाइलमध्ये एकच ठेवला होता, हृदय तर एकच असतं ना माणसाला, असा विचार करून. सरांनी आधी सायकलचे 163 भरले, मग रनचे 174 भरले, आणि ॲपनं कुठलाही मेसेज न देता पहिला आकडा पुसून टाकला.

सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं, रनपेक्षा कमी स्नायू कामाला लागतात, त्यामुळं तेवढीच दमछाक होत असताना पल्स बहुतेकांचा 5-10 ने कमी असतो. पाण्यात तर माणूस आडवा असतो, तिथं आणखी खाली. हे मला वाचून माहीत होतं, तरी कोडमध्ये उतरलं नाही याचं आजही वाईट वाटतं. 174 धरलं तर झोन 2 होतो 141 ते 154, आणि 163 धरलं तर 132 ते 145. म्हणजे ताई नऊ आठवडे जी राईड सोपी समजून करत होत्या ती सोपी नव्हतीच, तो झोन 3 होता, त्याच्या वरचा टप्पा. आणि लोडसुद्धा थ्रेशोल्डवरनंच निघतो, थ्रेशोल्डवर 1 तास म्हणजे 100 पॉइंट, त्यामुळं आकडा जास्त भरला की केलेली मेहनत कमी दिसते. दोन्हीकडनं मार.

मी म्हटलं लगेच सायकलची टेस्ट परत घेऊया का. सर म्हणाले, "अरे दमलेल्या माणसाचा पल्स जोर लावला तरी वर चढतच नाही, खोटा आकडा येईल. आधी झोपू दे तिला." बरोबर होतं त्यांचं.

तिथंच खुर्ची ओढून बसलो. प्रत्येक नोंदीला खेळ, आकड्याचा प्रकार, टेस्टची पद्धत आणि कुठल्या तारखेपासून लागू ते, असं सगळं वेगळं केलं. तारीख यासाठी की आज आकडा बदलला म्हणून मागच्या वर्षीच्या राईड बदलायला नकोत, तेव्हाच्या राईडला तेव्हाचाच थ्रेशोल्ड लागला पाहिजे. पोहण्याचा पल्स वहीत नव्हताच, तिथं फक्त 400 आणि 200 मीटरच्या वेळा होत्या. 8:00 आणि 3:48, 200 मीटरला फरक 252 सेकंदांचा, म्हणजे 100 मीटरला 2:06. तो पेस भरला. पल्सचा रकाना मी सवयीनं रनवरनं भरणार होतो, पण हात थांबला. रिकामा ठेवला. आता ॲप कुठलाच रकाना दुसऱ्या खेळावरनं भरत नाही, टेस्ट नाही तर आकडा नाही.

संध्याकाळी साडेसहाला सरांनी सायकलपुढं 163 आणि जूनची तारीख टाकली. ग्राफ हलला आणि फ्रेशनेसची रेघ सरळ खाली गेली, नऊ आठवडे खाली खालीच.

ताई बराच वेळ स्क्रीनकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटत होतं मीच आळशी झालेय."

सरांनी पुढचे पाच दिवस कोरे ठेवले आणि त्यांना घरी पाठवलं.