रिकाम्या खुर्च्यांचे चॅम्पियन

६ मार्च २०२२, रविवार

काल मॅच संपल्याची शिट्टी झाली आणि बाबांनी लगेच रिमोट मागितला. "झालं ना तुझं?" एवढंच म्हणाले. दीड तास गप्प बसून त्यांनी माझी मुंबई सिटी, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) आमची फुटबॉल टीम, सहन केली होती. पुढच्या चॅनलवर परवाच गेलेला शेन वॉर्न, त्याच्या पुढच्यावर जडेजाचे मोहालीतले नाबाद १७५, मग पुन्हा शेन वॉर्न. आज सकाळी पेपरात शोधलं. गतविजेता संघ बाद फेरीतही न पोहोचता बाहेर पडल्याची बातमी आतल्या पानावर, एका जाहिरातीच्या बगलेत, बोटभर. वॉर्नचं वाईट वाटलंच, खूप वाटलं. पण आपलं दुःख सांगायलाही दिवस बरा मिळू नये, याला काय म्हणावं!

हिशेब साधा होता. बाद फेरीची चौथी, शेवटची जागा उरली होती. आमचे गुण ३१, केरळचे ३३. काल हैदराबादला हरवून ३४ करायचे आणि मग आज केरळने गोव्याकडून हरावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे. केरळची बरोबरी झाली तरी आमची सुट्टी, कारण या सीझनमध्ये त्यांनी आम्हाला दोन्ही वेळा हरवलंय, ३-० आणि ३-१. आम्ही पहिलीच पायरी चुकलो. हैदराबादकडून १-२. देव कोरडेच राहिले.

पुढच्या रविवारी बरोबर एक वर्ष होईल. १३ मार्च २०२१, गोव्यातलं फातोर्डा, आयएसएलची फायनल, समोर एटीके मोहन बागान. अठराव्या मिनिटाला त्यांच्या डेव्हिड विल्यम्सने गोल केला तेव्हाच मी उठून स्वयंपाकघरात गेलो होतो. परत आलो तर तिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात. मग आपल्या अमेय रानवडेच्या डोक्याला मार लागला, मैदानात अॅम्ब्युलन्स आली, आणि काही मिनिटं मला मॅचचं काहीच सुचेना. आणि मग ९०व्या मिनिटाला ओगबेचेने चेंडू काढून दिला आणि बिपिन सिंगने तो आत मारला. मी असा ओरडलो की शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "कोण आउट झालं?"

लीग शिल्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याचं बक्षीस, त्याआधीच, २८ फेब्रुवारीला आली होती. आपले आणि मोहन बागानचे, दोघांचेही ४० गुण, पण एकमेकांविरुद्धच्या दोन्ही मॅच आपण जिंकलेल्या, म्हणून पहिला नंबर आपला. शिल्ड आणि कप एकाच सीझनमध्ये. त्याआधी आयएसएलमध्ये हे कुणालाच जमलं नव्हतं. २०१४ पासून ज्या संघाला एकदाही फायनल गाठता आली नव्हती, त्याने हे केलं. रणबीर कपूर मालक असलेली टीम एवढीच ओळख सांगायची सवय झालेल्या आम्हा लोकांना हे पचवायलाच आठवडा लागला.

पण वर्षभर एक गोष्ट खुपत राहिली आहे, ती आज लिहून टाकतो. ती टीम मी एकदाही प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

अंधेरीच्या मैदानावर मी शेवटचा गेलो तो २१ फेब्रुवारी २०२०ला. चेन्नईनविरुद्ध. बाद फेरीसाठी जिंकणं भाग होतं आणि शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत गोल खाऊन ०-१ हरलो. बाहेर वीरा देसाई रोडवर रिक्षा मिळेना, एकजण म्हणाला "पुढच्या वर्षी बघू". पुढच्या वर्षी! महिन्याभरात सगळं बंद झालं. मग आयएसएल गोव्यात गेली: फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान. खेळाडू हॉटेलात कोंडलेले, खुर्च्या रिकाम्या, टीव्हीवर रेकॉर्ड केलेला गलका. त्याच सीझनला कोच लोबेरा आला, गोव्याच्या संघातून आपले जाहू, फॉल, बुमूस आणि मंदार राव देसाई घेऊन. ओगबेचे आला, ल फाँड्र आला. मुंबई शहराला आजवरची सगळ्यात देखणी टीम मिळाली आणि ती मुंबईत एकही मॅच खेळली नाही. जिंकली, आणि फुटली.

म्हणजे बघा. अमरिंदर, गोली आणि कॅप्टन, ज्याने कप उचलला, तो गेला मोहन बागानकडे. बुमूसही तिकडेच. ओगबेचे हैदराबादला, आणि यंदा तिथे तो पोत्याने गोल करतोय. ल फाँड्र परत सिडनीला. गोली, चेंडू पुढे नेणारा आणि गोल मारणारा, तिन्ही गेल्यावर उरतं ते काय? जर्सी उरते. बरं, तेही एकवेळ चाललं असतं. पण ऑक्टोबरमध्ये, पहिल्या मॅचला जेमतेम दीड महिना उरला असताना, लोबेराच गेला. ज्या सिटी ग्रुपकडे मँचेस्टर सिटी आहे आणि ज्यांनी २०१९ मध्ये आमच्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला, त्यांना तो चीनमधल्या दुसऱ्या क्लबसाठी हवा होता. मोठ्या कंपनीत साहेबाची बदली होते तशी ही बदली. मेलबर्नहून डेस बकिंगहॅम आला. त्यांचाच माणूस, त्यांच्याच दुसऱ्या क्लबातला.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले दोन महिने बकिंगहॅमच्या नावाने शिमगा चाललाय. मला ते पटत नाही. त्याने निवडलेली ही टीमच नाही. दुसऱ्याने आणलेला किराणा, त्यातलं अर्धं सामान आधीच संपलेलं, आणि पाहुणे दारात, अशा वेळी जो स्वयंपाक होतो तो झाला. शिवाय सुरुवातीला त्यानेच आम्हाला वेड लावलं होतं हे सगळे सोयीस्करपणे विसरले. गोव्याला ३-०. आणि १ डिसेंबर! मोहन बागानला ५-१. समोरच्या गोलमध्ये कोण, तर आपलाच अमरिंदर. विक्रम प्रताप सिंगने पहिल्या अर्ध्या तासातच दोन मारले. त्या रात्री मी खरोखर कुत्सित हसलो होतो. जा म्हणावं, अजून जा. सोडून गेलेल्या माणसाच्या गोलमध्ये पाच चेंडू जाताना पाहण्याचं सुख फार हलकं असतं, पण असतं.

तेच सुख नडलं बहुतेक. सहा मॅचमध्ये पाच विजय, टेबलात सगळ्यात वर. मग १९ डिसेंबरला केरळने ३-० झोडलं आणि गाडी जी घसरली ती घसरलीच. नॉर्थईस्टशी ३-३, ओडिशाकडून २-४, ईस्ट बंगालशी ०-०, बेंगळुरूकडून ०-३, परत नॉर्थईस्टशी बरोबरी, मोहन बागानशी बरोबरी. सात मॅच, एकही विजय नाही. त्यातली ईस्ट बंगालची ०-० मला सगळ्यात जास्त लागली. त्यांना तोवर एकही मॅच जिंकता आली नव्हती, आणि त्यांना आमच्यावर गोल करता येईना नि आम्हाला त्यांच्यावर करता येईना. नव्वद मिनिटं मी खिडकीतून खाली पार्किंग बघत होतो, टीव्हीपेक्षा तिथे जास्त हालचाल होती.

आणि सगळ्या पडझडीत डिफेन्सचा तोच तो घोळ. आपला खेळ म्हणजे चेंडू मागून खेळवत आणायचा. लोबेराच्या वेळी जाहू मागे उतरून पास द्यायचा आणि समोरच्यांना तो अडवताच यायचा नाही. यंदा सगळ्यांनी तो धडा पाठ करून आणलेला. जाहूच्या अंगावर एक माणूस सोडायचा की आमचा चेंडू तिथल्या तिथे फिरायचा, आणि कुठेतरी एक पास चुकायचा. पुढे ओगबेचे असता तर चेंडू उंच भिरकावून मोकळं होता आलं असतं. आता पुढे अँगुलो. तो गोल मारतो, पण दोन धिप्पाड डिफेंडरांच्या मध्ये उभा राहून चेंडू अडवून धरणं त्याच्या प्रकृतीचं काम नव्हे. हे मी सोफ्यावर बसून लिहितोय हे मान्य. पण दीड वर्ष सोफ्यावरूनच बघायला लावलंय, तर मत पण सोफ्यावरचंच मिळणार.

फेब्रुवारीत परत धुगधुगी आली. चेन्नईन, ओडिशा, ईस्ट बंगाल, गोवा, चौघांना हरवलं. मध्ये जमशेदपूरकडून २-३. मग बुधवारी केरळ आणि काल हैदराबाद. वीस मॅच: ९ जिंकल्या, ४ बरोबरीत, ७ हरल्या. नंबर पाचवा. पहिले चार पुढे गेले.

दुपारी जेवताना बाबांना म्हटलं, चॅम्पियन टीम पुढच्याच वर्षी अशी कशी कोसळते? आमटीत पोळी बुडवत म्हणाले, "कोसळली कुठे, पाचवी आली ना? आमची महिंद्रा तर बंदच झाली."

बाबा कुपरेजचे. म्हणजे राहायला गिरगावात, पण तरुणपणीची संध्याकाळ कुपरेजच्या फुटबॉल मैदानावर. रोव्हर्स कपला कलकत्त्याहून मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन यायचे. इथले मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया. संघाचं नाव कंपनीचं, खेळाडूला तिथेच नोकरी, आणि बाबांना त्यातले दोन-तीन जण लोकलमध्ये भेटायचे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ला नॅशनल लीग जिंकली तेव्हा बाबा रिटायर होऊन वर्ष झालं होतं. २०१०मध्ये कंपनीने संघ बंद केला. रोव्हर्स कप तर त्याच्याही आधी आटपला होता. त्यानंतर बाबांनी फुटबॉल सोडला. भांडण नाही, तंटा नाही, नुसता सोडला. माझ्याबरोबर बसतात ते मी एकटा ओरडू नये म्हणून.

"मालक दुसरा कुणी असला की असंच," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, यांचे मालक निदान टीम बंद तरी करत नाहीत. "हं," म्हणाले. ताक मागितलं.

रात्रीचे दहा. आत्ताच केरळ-गोवा संपली. ४-४. आठ गोल! केरळ ३४ गुणांवर चौथं. म्हणजे काल आम्ही हैदराबादला हरवलं असतं तरी बाहेरच असतो. हे कळून बरं वाटलं की जास्त वाईट, तेच ठरवता येत नाहीये. ऑफिसातल्या मल्याळी मित्राने पिवळ्या हत्तीचं स्टिकर पाठवलंय. उद्या सोमवार. उद्या तो पिवळा शर्ट घालून येणार, मला माहीत आहे.

१२ एप्रिल २०२२, मंगळवार

महिनाभर इकडे फिरकलो नाही. दरम्यान कप हैदराबादने जिंकला, केरळला पेनल्टीवर हरवून. मित्राचा पिवळा शर्ट मग बरेच दिवस दिसला नाही. मी काही बोललो नाही. (एकदा बोललो.) शिल्ड जमशेदपूरला. आपलं नाव कुठेच नाही.

आणि तरी काल रात्री मी जागा होतो, कारण मुंबई सिटी रियाधला एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा, खेळतेय. गंमत अशी की हे तिकीट मागच्या वर्षीच्या शिल्डचं. जिंकलं चॅम्पियन टीमने, प्रवासाला गेली पाचव्या नंबरची टीम. पहिल्या मॅचला सौदीच्या अल शबाबने ०-३ लोळवलं, आणि ग्रुपवर सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की सहा मॅच म्हणजे सहा वेळा तेच.

काल समोर इराकची एअर फोर्सची टीम, अल कुवा अल जविया. इराकचे चॅम्पियन, तीनदा एएफसी कप जिंकलेले. दुसऱ्या हाफमध्ये गोल खाल्ला तेव्हा मी दिवा मालवून झोपायला निघालो होतो. मग आपल्याला पेनल्टी. दिएगो मॉरिसियोने मारली, १-१. पाचच मिनिटांनी जाहूचा कॉर्नर, आणि राहुल भेकेने हेडर मारला. राहुल भेके! २-१. त्यानंतरचा पाऊण तास... पाऊण तास कसला, पंधरा-वीस मिनिटं असतील, पण मी उभ्यानेच पाहिली.

या स्पर्धेत भारताच्या कुठल्याही क्लबने मॅच जिंकण्याची ही पहिलीच वेळ. गेल्या वर्षी गोव्याने तीन बरोबरीत सोडवल्या होत्या, जिंकली नव्हती एकही. आणि हे केलं कुणी, तर ज्यांना महिन्यापूर्वी आम्ही शिव्या घालत होतो त्यांनी. भेके यंदाच बेंगळुरूहून आला. बकिंगहॅमचा तर शिमगाच चालला होता. ग्रुपवर रात्री एक वाजता त्याच लोकांनी बकिंगहॅमचा फोटो टाकून खाली हात जोडलेले. मी स्क्रीनशॉट ठेवलेत, पुढच्या डिसेंबरला लागतील.

सकाळी चहाच्या वेळी बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली घेतला.

"भेके? कुठला?"

"मुंबईचाच."

"आणि हे परत इथे कधी खेळणार?"

म्हटलं, पुढच्या सीझनला घरच्या मैदानावर होईल असं म्हणतात. अंधेरीला.

थोडा वेळ पेपर तसाच मांडीवर. मग म्हणाले, "तिकीट किती असतं रे तिथे?"

मला आठवेना. कपाटात जुन्या जीन्सच्या खिशात शोधलं, फेब्रुवारी २०२०चं तिकीट सापडलं, धुवून पांढरं झालेलं. किंमत वाचता येत नाही, फक्त गेटचा नंबर राहिलाय.