तुम्ही विचारलंत म्हणून : रशियातल्या लोकांनी कारखान्यांचा वाटा व्होडकावर उडवला का?

सोव्हिएत संघानंतरच्या रशियाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. सरकारनं प्रत्येक नागरिकाला देशाच्या कारखान्यांतला वाटा जवळपास फुकट वाटला होता, मग तीन-चार वर्षांत तो मूठभर लोकांच्या हाती गेला कसा? आणि लगेच पुढचा : लोकांनी आपलं व्हाउचर, म्हणजे ज्याच्या बदल्यात कारखान्यांचे शेअर मिळणार होते तो कागद, व्होडकाच्या बाटल्यांवर विकलं म्हणतात, ते खरं का?

विकलं, हे खरं आहे. पण त्यावरून तिथले लोक अडाणी किंवा बेफिकीर होते असं जो म्हणतो, त्यानं त्या वर्षाचा घरखर्च मांडून पाहिलेला नसतो.

२ जानेवारी १९९२ रोजी रशियात बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठलं. एकट्या जानेवारीत किमती साडेतीन पट झाल्या. वर्षअखेरीपर्यंत त्या सुमारे २६ पट झाल्या होत्या. लोकांची आयुष्यभराची बचत ‘स्बेरबँक’ या सरकारी बचत बँकेत होती. आकडा तोच राहिला, त्यातून येणारा माल नाहीसा झाला. म्हणजे व्हाउचर हातात येण्याआधीच घरातली गंगाजळी संपलेली होती. हा क्रम लक्षात घेतला नाही, तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

१ ऑक्टोबर १९९२ पासून व्हाउचरवाटप सुरू झालं. कागदोपत्री नाव ‘खासगीकरण धनादेश’, पण लोक व्हाउचरच म्हणत. स्बेरबँकेच्या शाखेत जायचं, २५ रुबल भरायचे आणि कागद घ्यायचा. लहान मुलांच्या नावेही एकेक मिळत होता. सुमारे १५ कोटी लोकांचा हक्क होता आणि बहुतेकांनी तो बजावला. दर्शनी किंमत १०,००० रुबल. सोव्हिएत काळात ही रक्कम मोटारीच्या किमतीच्या आसपास जायची, आणि लोकांच्या डोक्यात तोच हिशेब होता. खासगीकरणाचे प्रमुख अनातोली चुबाइस यांनी एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात वाटप सुरू झालं तेव्हा १०,००० रुबल म्हणजे साधारण एका महिन्याचा सरासरी पगार किंवा तीसेक डॉलर. १९९३ च्या सुरुवातीला बाजारात व्हाउचर ४,००० रुबलच्या आसपास उतरलं. नंतर रुबलमधला भाव चढला, पण डॉलरमध्ये तो बराच काळ १० ते २० च्या दरम्यानच घुटमळला. १५ कोटींना २० नं गुणा : तीन अब्ज डॉलर. तेल, निकेल, ॲल्युमिनियम, पोलाद यांनी भरलेल्या देशाच्या उद्योगाचा जो मोठा हिस्सा व्हाउचरवर विकायला काढला होता, त्याचं बाजारानं केलेलं मोल एवढंच.

व्हाउचरवर नाव नव्हतं. ज्याच्या हाती, त्याचं. त्यामुळे मेट्रो स्टेशनबाहेर गळ्यात ‘व्हाउचर विकत घेतो’ अशी पाटी अडकवून माणसं उभी असत. विकायचं नसेल, तर तीन मार्ग होते आणि तिन्हींत खड्डे होते.

पहिली वाट आपल्याच कारखान्याची. कामगारांना तीन पर्यायांतून एक निवडायचा होता. पहिल्या पर्यायात २५ टक्के शेअर फुकट, पण मताधिकाराविना. दुसऱ्यात ५१ टक्के शेअर मताधिकारासह, जुन्या पुस्तकी (हिशेबवहीतल्या) किमतीच्या १.७ पट दरानं विकत. तिसरा पर्याय फारसा कुणी घेतला नाही. जवळपास तीन-चतुर्थांश कारखान्यांनी दुसरा घेतला. पुस्तकी किंमत महागाईच्या आधीची असल्यानं सौदा स्वस्त होता, आणि कारखाना ‘आपल्या माणसांकडे’ राहील असं वाटत होतं. पण ५१ टक्के शेअर हजारो कामगारांत विखुरलेले आणि संचालक एकटा. पगार, क्वार्टर, पाळणाघर, सुट्टीतलं विश्रामधाम, सगळं त्याच्या हातात. पुढे पगार महिनोन् महिने थकू लागले. ज्याला तीन महिने पगार नाही, तो शेअर सांभाळणार कसा? संचालकाच्या जवळची एखादी कंपनी रोख पैसे घेऊन फाटकाशी यायची आणि शेअर गोळा करून न्यायची.

दुसरी वाट लिलावाची. डिसेंबर १९९२ मध्ये मॉस्कोतल्या ‘बोल्शेविक’ बिस्किट कारखान्यापासून सुरुवात झाली. या लिलावात सामान्य माणूस भाव सांगत नसे. तो व्हाउचर जमा करायचा. मुदत संपली की विक्रीला काढलेले शेअर भागिले जमा झालेली व्हाउचर, आणि जे उत्तर येईल तेवढे शेअर एका व्हाउचरला. किती मिळणार हे आधी कळायचं नाही. लिलाव त्या-त्या शहरात, जाहिरात बहुधा तिथल्या स्थानिक वृत्तपत्रात. दूरच्या तेल कंपनीचा वाटा हवा असेल तर तिथवर कुणाला तरी पाठवावं लागे. आपल्या भागाबाहेरचा खरेदीदार येऊच नये यासाठी जागा आणि वेळ गैरसोयीची ठेवणं अवघड नव्हतं.

तिसरी वाट फंडांची. लोकांची व्हाउचर गोळा करून शेअर घेणारे सुमारे ६०० व्हाउचर फंड निघाले आणि लोकांनी त्यांत कोट्यवधी व्हाउचर टाकली. काही फंड प्रामाणिक होते, पण त्यांच्याकडे रोकड नव्हती. ज्या कारखान्यांचे शेअर त्यांनी घेतले, ते लाभांश देत नव्हते. बाकीचे फंड कचेरीला कुलूप लावून गेले.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं : शेअरची नोंदवही. त्या काळात शेअरचा छापील दाखला बहुधा नसायचाच. मालकी म्हणजे कंपनीच्या नोंदवहीतली एक ओळ, आणि अनेक ठिकाणी वही कंपनीच्याच ताब्यात. सात-बारा तलाठ्याकडे नसून तुमच्या भाऊबंदाच्या कपाटात असावा, तशी गत. १९९४ मध्ये क्रास्नोयार्स्कच्या ॲल्युमिनियम कारखान्यानं परदेशी भागधारकाचा जवळपास पाचवा हिस्सा वहीतून सरळ खोडून टाकला. वकिलांची फौज बाळगणाऱ्या बड्या व्यापाऱ्याची ही कथा, तर एका व्हाउचरवर पाच-पंधरा शेअर घेतलेल्या शिक्षिकेनं कुणाकडे दाद मागायची? भागधारकाला बाजूला सारण्याचा दुसरा रस्ता नव्या शेअरचा : संचालक मंडळानं ठराव करायचा, नवे शेअर आपल्याच माणसांना द्यायचे, जुन्यांचा टक्का पातळ करायचा.

आणि तारखा पाहा. व्हाउचरची मुदत, एकदा वाढवून, ३० जून १९९४ ला संपली. तोवर मोठे-मध्यम असे सुमारे १५,००० उद्योग खासगी झाले होते. भागधारकाला संरक्षण देणारा संयुक्त भांडवली कंपन्यांचा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला, रोखे बाजाराचा कायदा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आला. वाटणी आधी झाली, कुंपण दीड वर्षानं आलं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. सुधारकांची बाजूही खोटी नव्हती. संचालक १९८८ पासून सहकारी संस्था आणि भाडेकरार यांच्या आडून कारखाने पोखरतच होते, आणि उशीर केला तर संसद सगळंच रोखेल ही भीती खरी होती. घाईचं कारण समजतं. पण वही त्रयस्थाकडे द्यायला कायद्याच्या शंभर कलमांची गरज नव्हती.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ज्यांना आपण रशियाचे धनदांडगे म्हणून ओळखतो, त्यांच्या हाती सर्वात मोठी घबाडं व्हाउचरमुळे आली नाहीत. ती १९९५ च्या ‘तारण’ लिलावांतून आली. योजना बँकर व्लादिमिर पोतानिन यांची. सरकारच्या तिजोरीत पैसा नव्हता. बँकांनी सरकारला कर्ज द्यायचं, तारण म्हणून बड्या कंपन्यांतले सरकारी शेअर ठेवायचे, आणि कर्ज फिटलं नाही तर सप्टेंबर १९९६ नंतर बँकेनं ते विकायचे. फेडीची तरतूद अर्थसंकल्पात नव्हतीच. लिलाव चालवायला नेमलेली बँक आणि जिंकणारी कंपनी वारंवार एकाच घरातली निघाली. नोरिल्स्क निकेलचा ३८ टक्के हिस्सा १७ कोटी डॉलरच्या सुरुवातीच्या बोलीवर जेमतेम एक लाखाची भर घालून पोतानिन यांच्या बँकेकडे गेला. दुसऱ्या बँकेनं दिलेली ३५.५ कोटींची बोली हमी अपुरी म्हणून बाद केली. युकोस या तेल कंपनीचा ४५ टक्के हिस्सा १५.९ कोटींना मिखाइल खोदोर्कोव्स्की यांच्या मेनातेप बँकेच्या गटाकडे. तो लिलाव चालवण्यातही मेनातेपच. सिबनेफ्ट या तेल कंपनीचा ५१ टक्के हिस्सा १०.०३ कोटींना. यात सामान्य माणसाला बोलावलंच नव्हतं. त्यानं व्हाउचर जपून ठेवलं असतं, तरी इथं काही फरक पडला नसता.

चेकोस्लोव्हाकियाचं उदाहरण देऊन ‘तिथं जमलं’ असं सांगितलं जातं. तिथली रचना खरोखर जास्त विचारपूर्वक होती. १,०३५ क्राउन भरून १,००० गुणांची पुस्तिका मिळे. ती विकता येत नसे. १९९२ च्या पहिल्या लाटेत १,४९१ कंपन्या आणि सुमारे ८५ लाख लोक होते. पहिल्या फेरीत सगळ्या कंपन्यांचा दर एकच, १०० गुणांना तीन शेअर. मागणी उपलब्ध शेअरपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त झाली तर त्या फेरीत विक्री रद्द आणि पुढच्या फेरीत दर वर. असं पाच फेऱ्यांत. तरीही सत्तरएक टक्के गुण फंडांकडे गेले. व्हिक्टर कोझेनी यांच्या ‘हार्वर्ड’ फंडानं (विद्यापीठाशी काही संबंध नव्हता) एक वर्ष आणि एका दिवसानंतर दहापट परताव्याची हमी दिली होती. मोठे फंड बँकांचे आणि मोठ्या बँकांत सरकारचा बडा हिस्सा. फंडाच्या चालकानं कंपनीचा माल आपल्याच दुसऱ्या कंपनीला कवडीमोलानं विकायचा, या प्रकाराला चेक लोकांनी नाव दिलं ‘तुनेलोवानी’ : भुयार खणणं. दुकानाची दर्शनी भिंत शाबूत, आत माल नाही.

व्हाउचरचा फायदा कुणालाच झाला नाही का, असंही विचारलं जातं. झाला. १९९४ मध्ये गॅझप्रॉम या वायू कंपनीचे शेअर प्रदेशवार बंद लिलावांत, म्हणजे त्या-त्या प्रदेशातल्या रहिवाशांपुरत्या लिलावांत, विकले गेले. काही वायुवाहिनीच्या प्रदेशांत, उदाहरणार्थ पर्ममध्ये, एका व्हाउचरला हजारो शेअर मिळाले. मॉस्कोत त्याच कागदाला त्याच्या अगदी छोट्या अंशाइतके. फरक हुशारीचा नव्हता, राहत्या पत्त्याचा होता. आणि पर्मच्या माणसालाही ते शेअर मनासारखे विकता येत नव्हते : त्या वर्षांत गॅझप्रॉमचा शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा तर गॅझप्रॉमचीच संमती लागत असे.